मामांनी समुद्राला घातलेला बांध

मी गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. पहिली दहा वर्षं मी समुद्र न बघताच शिकवला. फळ्यावर कडा काढायचा, त्याच्या पायथ्याशी गुहा, गुहेची कमान, आणि कमान कोसळली की मागे उरलेला खडकाचा स्तंभ. ‘तरंगघर्षित मंच’, म्हणजे लाटांनी झिजवलेला सपाट खडक, हा शब्द आला की दर वर्षी कुणीतरी विचारायचं, “मॅडम, ह्या मंचावर कार्यक्रम कशाचा असतो?” मी रागवायचे. खरं तर पुस्तकातल्या चित्रापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं.

मग नणंदेच्या नवऱ्याची बदली सिंधुदुर्गात झाली आणि श्रावणात आम्ही तिच्याकडे गेलो. मी, माझा नवरा आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मामा उमापूरचे शेतकरी. उभी हयात बांध घालण्यात आणि बांधावरून शेजाऱ्याशी भांडण्यात गेलेली. सगळ्या गावासारखं तेही मला मॅडमच म्हणतात.

पोचलो त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. समुद्र खवळलेला होता. मला राहवेना. एका खडकावर चढले, लाटांकडे पाठ केली आणि सुरू झाले, “मामा, लाट कड्याच्या पायथ्याशी आपटते. तिथं खाच पडते. मग वरचा भाग...”

“मॅडम,” मामा म्हणाले, “तुमच्या मागून काईतरी येतंय.”

मी वाक्य पुरं करणार होते. लाटेनं ते पुरं होऊ दिलं नाही. नवऱ्यानं मला दंडाला धरून वर ओढलं तेव्हा माझ्या अंगावर पाणी, तोंडात वाळू आणि पायात एकच चप्पल होती. नणंद एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नणंदेच्या घरमालकीण सत्तरीच्या आजी. घरामागची जमीन समुद्रानं खात आणली होती. कडेचा एक माड मुळं उघडी टाकून वाकला होता. ते बघून मामांचा जीव कासावीस झाला.

“आजी, बांध कावून घालत न्हाई तुमी?”

“घालून बघा,” आजी शांतपणे म्हणाल्या.

मामांना एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. धोतर वर खोचून ते स्वतः दगड बसवत होते. मोठा खाली, लहान वर, मध्ये चिपा. दोन तासांत गुडघाभर उंचीचा, चांगला दहा पावलं लांब बांध उभा राहिला. मामांनी त्यावर चढून उड्या मारून दाखवल्या. “लई मजबूत काम झालंय. न्हाई हलत आता.”

दुपार कलली तशी भरती आली. पहिल्या लाटा बांधावर फुटल्या तेव्हा मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग काय झालं ते मीही पहिल्यांदाच बघत होते. दगड उडाले नाहीत, ढासळले नाहीत. मागे जाणारं पाणी त्यांच्या खालची वाळू ओढून नेत होतं आणि बांध म्हैस बसावी तसा हळूहळू खाली बसत होता. अर्ध्या तासात नुसती टोकं दिसू लागली. मग तीही गेली.

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

“वरून न्हाई मारत हे,” ते समुद्राकडे बघत म्हणाले. “बुडातून काढतंय.”

मला जे दहा वर्षांत नीट सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी अर्ध्या तासात ओळखलं. मला थोडी लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तर बांधाची जागाच सापडेना. आदल्या दिवशी वाळू होती तिथं काळे खडक उघडे पडले होते.

“वाळू पावसात जाता, दिवाळेनंतर परत येता,” आजींनी समजूत घातली. “माडाखालची जमीन मात्र येत नाय हां.”

“वाळू परत येती?” मामा चकित झाले. “माझ्या शेजाऱ्यानं तीस वर्सात ढेकूळसुदिक परत दिलं न्हाई.”

त्या वर्षी तो धडा आला तेव्हा मी मामांनाच वर्गात नेलं. ते टोपी घालून, घमेलं आणि काळी माती घेऊन आले. घमेल्यात मातीचा कडा केला, पाणी ओतलं आणि हातानं लाटा करू लागले. खाच पडली, कडा कोसळला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यामुळे मामा चेकाळले आणि पुढची लाट थेट पहिल्या बाकावर गेली. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात आले.

“हे काय चाललंय?”

“प्रात्यक्षिक, सर.”

त्यांनी चिखलाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. “चांगलंय. पण फरशी पुसून घ्या.”

मग तास संपेपर्यंत मी आणि मामा गोणपाटानं फरशी पुसत होतो, आणि अख्खा वर्ग बाकांवर पाय वर घेऊन, कुठं राहिलंय ते आम्हाला दाखवत होता.