दुसऱ्या ओळीतला भाऊ

माझ्या बाबांचा सडक अर्जुनीला हायवेवर फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद झाला, पण बाबांमधला फोटोग्राफर काही बंद झाला नाही. त्याला आता एकच गिऱ्हाईक उरलं होतं, ते म्हणजे मी. मी नवेगाव बांधजवळच्या एका गावात शाळेवर शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं डिजिटल कॅमेरा घेतला, आणि त्यासोबत एक छोटा लेन्स, ज्याचं तोंड एक पॉइंट आठ नंबरपर्यंत उघडतं; नंबर जितका लहान, तितकं तोंड मोठं. यूट्यूबवरच्या प्रत्येक मुलानं सांगितलं होतं की हा लेन्स घ्या, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतं.

मी मग जे दिसेल त्याच्या मागचं धूसर करत सुटले. शेळी स्पष्ट, मागचं गाव गायब. जास्वंद स्पष्ट, मागचे बाबा गायब.

"त्या मोहाच्या झाडानं तुह्यं काय बिघडवलं?" बाबा फोटो बघून विचारायचे. "काऊन पुसलं त्याले?"

"बाबा, त्याला डेप्थ म्हणतात."

"मले शिकवून राहिली का?"

शाळेच्या मागच्या घरात एक म्हातारी राहते. ऐंशीच्या आसपास असेल, दात दोन, पण बोलणं बत्तीस दातांचं. तिनं एके दिवशी मला कुंपणावरून हाक मारली.

"बाई, माह्या एक फोटू काढून देजो. दोन्ही पोरांसंगं. मेल्यावर हे आधार कार्डावरचा फोटू मोठा करतीन, अन् त्याच्यात मी आत्ताच मुडदा दिसून राहिली."

तिची दोन्ही मुलं त्याच घरात, मधे भिंत घालून राहतात. शेताच्या धुऱ्यावरून त्यांचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, त्यावर दोन माणसं शेजारी धड उभीही राहू शकत नाहीत. पण म्हातारीचा शब्द दोघंही मोडत नव्हते. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी गेले. म्हातारीला मधल्या खुर्चीवर बसवलं. शेजारी थोरला मुलगा आणि त्याची बायको. धाकटा म्हणाला, आम्ही मागं उभं राहतो. मला वाटलं, चला, दोन ओळी झाल्या, छान दिसेल. लेन्स पूर्ण उघडला, म्हातारीच्या डोळ्यावर फोकस केला आणि फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळे सुंदर दिसत होते.

तो पडद्यावर मोठा करून तपासायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी थेट गोंदियाला जाऊन तो भिंतीवर लावण्याएवढा छापून आणला, फ्रेम केली आणि म्हातारीला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत धाकटा फ्रेम काखेत मारून शाळेत आला.

"बाई, माह्यं तोंड काऊन पुसलं?"

मी फोटो पाहिला. म्हातारीच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. थोरल्याच्या शर्टाचं बटण चमकत होतं. मागे धाकटा आणि त्याची बायको धुक्यात हरवल्यासारखे उभे होते. त्याला नाक आहे, एवढं अंदाजानं कळत होतं.

"अहो, ते पुसलं नाही. लेन्स जास्त उघडला की फोकसच्या मागचं धूसर होतं."

"मंग त्याचं काऊन नाही झालं? त्यानंच सांगतलं असंन तुमाले, कम्प्युटरवर पुसून टाका म्हणून."

त्यानं ती फ्रेम माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. मी शाळा सुटल्यावर थोरल्याकडे गेले. वाटलं, तो तरी समजून घेईल. त्यानं फ्रेम लांब धरून नीट पाहिली.

"मले तर बराबर दिसून राहिला. तो असाच आहे."

ही वाक्यं भिंतीपलीकडे ऐकू गेली. पुढचं मी सांगत नाही. म्हातारी दोन दिवस दोघांकडेही जेवली नाही.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते गंभीर झाले. फ्रेम मांडीवर घेऊन धाकट्याच्या नसलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ग्रुप फोटूले आठ नंबर," शेवटी ते म्हणाले. "आठच्या खाली यायचं नाही. दोन ओळी असल्या तं फोकस पुढच्या ओळीच्या जरासा मागं. अन् ओळी एकमेकीले चिकटून. हेही सांगत नाहीत का तुह्ये पोट्टे, यूट्यूबवाले?"

मग त्यांनी कपाटातून आपला जुना फिल्म कॅमेरा काढला. त्याचा रोल आता ऑनलाइन मागवावा लागतो. मी मागवला, ब्लॅक अँड व्हाइट. तो आला त्या दिवशी बाबांनी तो भरायला मलाच लावलं आणि प्रत्येक वेळी फिल्म पुढे सरकवताना डाव्या हाताची बारीक चक्री फिरते की नाही ते बघायला सांगितलं. ती फिरली नाही तर फिल्म आत अडकलेलीच नाही, आपण नुसतेच खटाखट करतो आहोत, असा अर्थ. तरुणपणी बाबांनी एक अख्खं लग्न असं नुसतंच खटाखट काढलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी नवरीला माहेरी परत बोलावून, नवरदेवाला पुन्हा बाशिंग बांधून, रिकाम्या मांडवात सगळं लग्न परत लावलं. पाहुणे म्हणून शेजारच्या टायरच्या दुकानातले लोक उभे केले. त्या अल्बममध्ये वधूपक्षाकडच्या सगळ्यांच्या हाताला ग्रीस आहे.

भाताची रोवणी आटोपली तशी मी म्हातारीला विचारलं, पुन्हा एकदा काढू का? तिनं दोन्ही मुलांना एकाच वेळी ऐकू जाईल अशा आवाजात हो म्हटलं.

बाबांनी ढगाळ सकाळ निवडली. ढगाळ असलं की डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत, कुणी डोळे बारीक करत नाही. म्हातारीच्या घरामागच्या अंगणात त्यांनी स्टँड लावला. अंगण संपलं की लगेच भाताची बांधी, म्हणजे खाचर, तिच्यात गुडघाभर चिखल. मी नंतर घेतलेल्या दोन लेन्सपैकी रुंद दृश्य पकडणारा बाबांनी मला लावू दिला नाही. "त्यानं कडेची माणसं फुगतात. धाकटा कडेले उभा राहिला तं पुन्हा म्हणन, मले फुगवलं. लांबचा लेन्स लाव अन् मागं जा."

बाबा स्वतः फिल्मवर काढणार होते. मी बाजूनं डिजिटलवर काढणार होते. मी डोळा कॅमेऱ्याला लावून मागे गेले.

"आणखी," बाबा म्हणाले.

मी आणखी मागे गेले.

"जरासा आणखी."

पुढचं पाऊल बांधीत पडलं. मी पाठीवर पडले, पण कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरला होता. गुडघ्यांपर्यंत चिखलात रुतलेली, पाठ भिजलेली, आणि हात आकाशाकडे. बाबा ओरडले, "कॅमेरा देऊन टाक आधी!" मुलगी नंतर.

दोघे भाऊ धावत आले. एकानं डावा दंड धरला, एकानं उजवा. मी निघेना.

"माय," थोरला आईला ओरडून म्हणाला, "त्याले म्हण, एकदमच खिचायचं."

"माय, त्याले म्हण, त्यानं मोजावं."

म्हातारी खुर्चीवरूनच म्हणाली, "एक, दोन, तीन. खिचा, बैलांनो."

मी भसकन निघाले आणि ते दोघे मागच्या मागे चिखलात बसले. त्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारी उघड हसत होती. मी रडावं की हसावं या विचारात असताना हसूच आलं.

कपडे बदलून या म्हटलं तर बाबांनी हात वर केला. ढग विरळ होत होते. "उजेड जाऊन राहिला. आहे तसेच उभे व्हा." पण चिखलानं माखलेल्या नवऱ्यांना दोन्ही सुना नव्या साड्यांजवळ येऊ देईनात. "तिकडे व्हा, तिकडे!" करता करता दोघींनी आपापल्या माणसाला दूर ढकललं, आणि त्या ढकलाढकलीत दोघे भाऊ म्हाताऱ्या आईच्या मागे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आता बाजूला होणं म्हणजे कुणाच्या तरी साडीला लागणं. ते हलले नाहीत. बाबांनी एकामागोमाग पाच काढले, कारण सहा माणसं असोत की पाच, त्यातला एक जण डोळे मिटतोच.

रोल बाबांनी घरच्या न्हाणीघरात धुतला. वाळल्यावर मी मोबाइलचा पडदा पांढरा केला, जरा वर निगेटिव्ह धरली, माझ्या डिजिटल कॅमेऱ्यानं जवळून फोटो घेतले आणि कम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. बाबा मागे उभे राहून बघत होते. "हे बराय," इतकंच म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या कॅमेऱ्याबद्दल एवढं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाचही छोटे फोटो घेऊन आम्ही म्हातारीकडे गेलो. या वेळी सगळ्यांची नाकं होती. म्हातारीनं फक्त स्वतःकडे पाहत एक निवडला. त्यात तिची मान ताठ होती, आणि थोरल्याचे डोळे गच्च मिटलेले.

"माय, यात मी झोपलो आहो," थोरला म्हणाला. "दुसरा घे ना."

"मी चांगली दिसून राहिली. हाच."

धाकट्यानं फोटो जवळ घेऊन पाहिला. मग थोरल्याकडे न बघता, पण त्यालाच म्हणाला, "राहू दे ना गा, भाऊ. चिखलानं ओळखू तरी कोन येते?"

 बाबांनी माझा हात हळूच दाबला.

"पण लावायचा कुठं?" थोरला म्हणाला. "माह्या भिंतीले चांगला उजेड आहे."

"तुह्या भिंतीले ओल आहे. माह्याकडे लावू."

"ओल कुठं आहे? दाखव!"

दोघे उठून भिंत बघायला आत गेले. आवाज वाढत गेला. मी घाबरून म्हातारीकडे पाहिलं, म्हटलं, आता मी थांबवू का? तिनं माझ्यासमोरची चहाची कपबशी पुढे सरकवली.

"भांडू दे वो, बाई," ती म्हणाली. "चार वर्सं मी मधात उभी राहून दोघायचे निरोप पोचवत होती. आता त्यायचं त्यायले भांडू दे. तू चहा पी."