भाकरीची बुट्टी

सोलापुरात राहून गव्हाचा त्रास झाला म्हटलं की लोक आधी हसतात. "मग बिघडलं काय? भाकरी खायची की!" शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. दूधवाल्यानंसुद्धा. सुरुवातीला मी बसून समजावून सांगायची. आता नुसती मान हलवते आणि पुढं चालू लागते. कंटाळा आलाय, खरंच सांगते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सिलिॲक सांगितलं. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्यांना सोसत नाही, कणभरसुद्धा नाही. पोळी सोडणं सोपं होतं. पोळी निदान डोळ्यांना दिसते तरी. न दिसणाऱ्या गव्हानं मात्र माझ्या नाकी नऊ आणले. हिंगाच्या डबीत मैदा असतो हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. रोज फोडणीत चिमूट टाकत होते आणि वर आमटीचं कौतुक करून घेत होते! पोळपाटाच्या चिरेत जुनी कणीक जाऊन बसलेली. गिरणीत माझ्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू पडलेला. गिरणीवाल्याला म्हटलं, "दादा, आधी जरा झाडून घ्या की," तर म्हणतो, "ताई, लग्नाचं दळण हाय का?" शेवटी छोटी चक्की घरातच आणली.

त्यात आणि पिशव्या. शेंगाचटणी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचो, कागदी पिशवीत. एकदा तळाशी चटणीत पांढरे पापुद्रे दिसले. पिशवी उलटी करून नखानं खरवडली तर मैद्याची खळ! बायका घरोघरी बसून पिशव्या चिकटवतात, त्या खळीनंच की. दुसऱ्या दिवशी दुकानात उभी राहून एकेक पिशवी उजेडात धरून बघत होते, तेव्हा दुकानदार म्हणाला, "क्या भाभी, चटणी बघायची सोडून पिशवी काय बघताय?" मला हसूही आलं आणि रडूही. हे काय जगणं झालं, बाई?

एवढं सगळं करूनही तब्येत काही सुधारेना. केस मूठमूठ गळायचे. शाळेत दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची, मग मुलांना काहीतरी लिहायला देऊन मी खुर्चीत बसून राहायची. रक्त तपासलं की आजाराचा आकडा आपला तिथंच. शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर परत दुर्बीण घालून बघावं लागेल. मग औषधंही जड सुरू करावी लागतील." आणि मग माझ्याकडं न बघता नवऱ्याकडं बघून म्हणाले, "कुठंतरी गहू पोटात जातोय. घरात नसेल तर बाहेर खात असतील."

घरी येऊन नवऱ्यानं हातपाय धुतले आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असतो, एखादा समोसा घेतला जातो. होतं माणसाकडून. खाल्ला असशील तर सांग, मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही! त्यानं आरडाओरडा केला असता तर मी भांडले तरी असते. शाळेत केक कापला की मी पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून बाहेर जाते, हे याला कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं असतं तरी बनाव वाटला असता.

"ती न्हाय खात," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय."

मी त्यांना अत्या म्हणते, नवरा अव्वा म्हणतो. त्यांचं माहेर मंद्रूपचं, जिभेला धार आणि भाकरीला हात. माझा आजार कळला त्या आठवड्यात त्यांनी माझ्या भाकरीचं सगळं स्वतःकडं घेतलं. वेगळा तवा, वेगळी परात, आणि मंद्रूपच्या बाजारातून आणलेली नवी बांबूची बुट्टी. स्टीलच्या डब्यात गरम भाकरीला घाम सुटतो, बुट्टीत ती कोरडी राहते. वर बुट्टीला आतबाहेरून कागदाचा लगदा लिंपून तिची भोकं बुजवली. "घरात कणीक उडती," त्या म्हणाल्या. "भोकातनं हिच्या भाकरीवर जायला नको. कुणी हात लावायचा न्हाय ह्या बुट्टीला." घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस उरलं होतं ते एवढंच, आणि निर्धास्तपणे खावी अशी वस्तूही एकच होती, त्या बुट्टीतली भाकरी.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. अत्या बुट्टी परत लिंपायला बसल्या होत्या. शेजारी भिजवलेल्या वर्तमानपत्राचा गोळा आणि एका पातेल्यात पांढरट, चिकट काहीतरी.

"अत्या, हे काय?"

"खळ की."

"कशाची?"

"कणकेची."

मी हातातली ओली साडी तशीच धरून उभी राहिले. "लगद्यात मेथी वाटून घालतात ना?"

"पैल्यांदा मेथीच घातली हुती. भाकरीला कडू वास येतोय म्हणून अर्धी टाकून उठलीस, इसरलीस व्हय? मंग मी ती खरवडून काढली. कणकेला वास येत न्हाय."

मी तिथंच खाली बसले. रोज तव्यावरची वाफाळती भाकरी त्या बुट्टीत पडत होती. रोज तिच्या पाठीला करडा पापुद्रा चिकटून यायचा. पीठ करपलं असेल म्हणून थोडा काढायची, थोडा तसाच खायची. साऱ्या सोलापुराच्या पिशव्या उजेडात धरून बघितल्या मी, आणि ही बुट्टी माझ्या ताटाशेजारी ठेवलेली असायची. राग यायला हवा होता. पण रागालासुद्धा अंगात ताकद लागते.

"का गं? चक्कर आली व्हय?" अत्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्या नजरेमागून पातेल्याकडं बघितलं. हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते.

"लिंपायचं हाय, खायाचं न्हाय, एवढंच आलं बग डोक्यात," त्या हळू म्हणाल्या. "म्हंजी मीच की."

"नाही हो अत्या," मी म्हटलं. "हिंगातून गेलं असेल, पिशव्यांतून गेलं असेल. कुठं कुठं नसतो मेला गहू! आपण आता स्टीलचा डबा वापरू, एवढंच."

अत्यांनी नळाखाली हात धुतले, पुसले, आणि परत धुतले. बुट्टी गच्चीवरच उन्हात राहिली. दोनेक दिवसांनी बघते तर तिथं नव्हती.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती, कळत होतं मला. पण मग त्याच्या डोळ्यांसमोर अव्वाचे हात आले असते. चोर ठरायची मला सवय झाली होती. त्यांना नव्हती, आणि त्या वयात लागायलाही नको होती. शिवाय खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

पावसाळा सरला. केस गळायचे थांबले. एक दिवस जिना चढून गेले आणि खुर्चीत न बसताच फळ्यावर तारीख घातली. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. आकडा उतरला होता. दुर्बीण नको म्हणाले.

रात्री नवरा खुशीत जेवायला बसला. मी वाढत होते, अत्या तव्यापाशी होत्या. तो म्हणाला, "बघ, बाहेरचं बंद केल्यावर कसा फरक पडला! मी म्हणत नव्हतो?" प्रेमानंच म्हणाला. मी आमटीची वाटी भरली आणि त्याच्यापुढं ठेवली.

परातीतला थापण्याचा आवाज थांबला.

"ती भायेरचं खात नव्हती," अत्या म्हणाल्या. पाठ आमच्याकडंच होती. "बुट्टीला कणकेची खळ लावली हुती मी. तिला मीच घालत हुते. रोज. ह्या हातानं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढ्या महिन्यांनी तो माझ्याकडं नीट बघत होता आणि मला वर बघवेना, डोळे भरून आले होते.

अत्यांनी तव्यावरची भाकरी उचलली, डब्यात न टाकता थेट माझ्या ताटात ठेवली.

"गरम हाय तवर खा," त्या म्हणाल्या. "डब्यात टाकली की ओली हुती."