उघडी ओटी

भोरच्या दवाखान्यात पाद्रीबाबांनी एक रंगीत चित्र लावलं होतं. ख्रिस्ती धर्मग्रंथातली एक तरुण विधवा, सासूला जगवण्यासाठी परक्याच्या शेतात सरवा वेचत होती. कापणीनंतर जमिनीवर पडून राहिलेल्या लोंब्या, तो सरवा. भाताच्या सुगीत माझी आईही तेच करायची, म्हणून ती चित्रापुढून हलेना.

आमच्या गावचे मास्तर औषधासाठी तिथंच बसले होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी ते सगळ्यांना चित्र समजावू लागले. खाली झुकलेली मान म्हणजे नम्रता. पुढं धरलेली उघडी ओटी म्हणजे देवापुढं उघडं केलेलं मन.

आई म्हणाली, "न्हाई मास्तर. तिला भ्या वाटतंय. ओटी उघडी ठिवलीया ती मालकाला दिसावी म्हणून. पेंढीतलं काय उपसलं न्हाई, ह्ये त्याला कळाया पायजे."

"तुला गं काय कळतंय चित्रातलं?" मास्तर हसत म्हणाले. मग बाकीचेही हसले.

एवढी वर्षं झाली, तरी त्या हसण्यानं माझं डोकं फिरतं. नम्रता म्हणे. आई ज्या खाचरात सरवा वेचायची ते याच मास्तरांचं होतं. पुढच्या सुगीलाही तिला तिथंच जायचं होतं, म्हणून ती पुढं काही बोलली नाही. दर साली मास्तर स्वतः बांधावर उभे राहायचे, आणि आई घरी निघाली की तिची उघडी ओटी छत्रीच्या टोकानं उचकून बघायचे.