विस्थापन शून्य

जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतं आणि तिथे नसेल तर प्रश्नच चुकलेला असतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला. नशीब बघा, तो नेमका माझा साडू निघाला! राहतात पिंपळे गुरवला. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहेत म्हणे. निवृत्त कसले? पूर्वी पोरं घंटा झाली की सुटायची, आमची घंटाच होत नाही. मी पडलो कॉमर्सवाला. "राव, तुमचं शास्त्र माणसांनी ठरवलं," ते मला ऐकवतात, "माझं कुणी ठरवलं नाही, नुसतं सापडलं." कप्पाळ माझं!

चुकीचं उत्तर कानावर पडलं की या गृहस्थांना घास गिळवत नाही. सांगवीच्या मंडईत भाजीवाली म्हणाली, "वजन बगा सायेब, किलोच्या वरच हाय." झालं! "मावशी, किलोत असतं ते वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये." ती बाई शांतपणे म्हणाली, "तुमी कायबी म्हना, भेंडी तेवढीच येनार." एका दहाव्याला गुरुजींनी 'सद्गती' म्हणताच हे माझ्या कानाशी लागले, "गतीला नुसतं किती असून भागत नाही, दिशा लागते. सदिश राशी आहे." मला हसू आवरेना आणि समोर सगळं सुतकी वातावरण.

पण खरी पंचाईत अशी की माणूस बरोबर निघतो. त्यांच्या सोसायटीत वरच्या मजल्यांवर पाणी बारीक यायचं. कमिटीने जास्त रुंद टाकी बसवायचं ठरवलं. हे भर मीटिंगमध्ये उठले, "दाब उंचीवर असतो, रुंदीवर नाही. टाकी वर उचला!" लोक हसले, पण टाकी उचलली आणि नळ धो धो वाहू लागले. डॉक्टरांनी एकदा यांचा हात खाली लोंबकळत ठेवून बीपी घेतलं, ते वाढलेलं आलं. साडूंनी हात छातीच्या पातळीवर धरला आणि म्हणाले, "आता घ्या. मघाशी तुम्ही हाताच्या उंचीचा दाब मिळवून मोजलात." बीपी खरंच कमी आलं. डॉक्टर त्या दिवसापासून त्यांना 'सर' म्हणतात.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांचा जीव मात्र एकाच ठिकाणी अडकलेला होता. एकुलती एक लेक, माझी भाची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सकाळी कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी त्याच बसने कोपऱ्यावर उतरायची. हे आधीच दारात उभे. "आलीस? एवढी फिरलीस, पण निघालीस तिथेच परत. विस्थापन शून्य!" ती दमलेली असली तरी हसायची. रोजचा हा नेम, एक दिवस चुकला नाही.

मग तिने चाकणचाच मुलगा पसंत केला. जुनं घर, साधी माणसं. बैठक आमच्या साडूंच्याच घरी होती. मुलाच्या आई कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या घरात भांडान म्हून न्हाई. समदं कसं गुळगुळीत."

"मग माझी मुलगी घसरेल," साडू म्हणाले.

पोह्यांच्या बशा हातातच राहिल्या. माझी मेहुणी डोळे वटारून बघत होती, भाचीचा चेहरा पांढरा पडला. जमलेलं लग्न हा माणूस फिजिक्सपायी मोडतो की काय!

"घर्षण नसेल तर माणसाला चालता येत नाही हो," ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "थोडी भांडणं असू द्या घरात. तिला पाय रोवता आले पाहिजेत."

त्या बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या! "मंग काळजीच नगा करू दादा. ह्यांच्यात आन् माझ्यात लई घर्षन हाय!"

तिथेच सुपारी फुटली. कार्य झोकात पार पडलं. पाठवणीनंतर मी समजूत घालायला गेलो, "चाकण म्हणजे काय हो, हाकेच्या अंतरावर."

"अंतर वेगळं, विस्थापन वेगळं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसचा हॉर्न वाजला तसे उठून दारापर्यंत गेले आणि तसेच परत येऊन बसले. मला फार वाईट वाटलं.

मांडवपरतणीला भाची आली तेव्हा मी तिथेच होतो. दार साडूंनीच उघडलं आणि ते बाजूला झाले. या वेळी तीच म्हणाली, "बाबा, विस्थापन शून्य!"

आता माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही कळत होतं, की उत्तर चुकलं. ती निघाली होती चाकणहून, आणि परतायचंही तिला तिकडेच होतं. आता सर दुरुस्ती करणार, म्हणून मी वाट बघत राहिलो.

साडूंनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"बरोबर," ते म्हणाले. "पूर्ण मार्क."