बूढापाऱ्यातला खुर्च्यांचा वर्ग

लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माणसांत वावरलं की नुसत्या दुखण्याच्याच गोष्टी ऐकाव्या लागतात. छे! मी फिजिओथेरपिस्ट. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये बारा वर्षं म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग चालवला. दुखणी तिथेच राहायची, माझ्यासोबत घरी यायचे ते किस्से. आता इतके झालेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. घुसू देत.

वर्ग सुरू झाला तो देशकर काकांमुळे. काका रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, जिकडे तिकडे रस्ते खोदलेले. त्याच वर्षी काकांना लकवा मारला, डावी बाजू गेली. त्यात हार्टचं दुखणं जुनंच. डॉक्टरांनी कागद न बघताच सांगितलं, "काका, रोज चाळीस मिनिटं चाला. हार्टसाठी याच्यासारखं औषध नाही!"

काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चालता येत असतं तर तुमच्याकडे स्ट्रेचरवर काहून आलो असतो?"

डॉक्टर मोठ्या मनाचे. खळखळून हसले, कागद नीट वाचला आणि काकांना माझ्याकडे धाडलं. म्हणाले, "मॅडम, या माणसाचं हृदय बसल्या जागी पळवून दाखवा."

झालं! बिनहाताच्या चार खुर्च्या मांडल्या. बसून पाय आपटायचे, हात वर-खाली करायचे, कवायतीसारखं जागच्या जागी चालायचं. गुडघे गेलेले, लकव्याचे, बायपासवाले, ज्यांना ज्यांना "चाला" सांगून उपयोग नव्हता, ते सगळे हळूहळू येऊ लागले. चाराच्या तेरा खुर्च्या झाल्या.

* * *

थिटे सर गणिताचे मास्तर. शुगरमुळे उजवा पाय गुडघ्यापासून काढलेला. व्हीलचेअरवर आले आणि हॉलच्या तीन पायऱ्यांपाशी थांबले. मी म्हटलं, "सर, दोघं जण धरून तुम्हाला आत घेतो."

"नाही. मले उचलायचं नाही."

"मग?"

"तुमी आत शिकवा, मी बाहेरून करतो. दार तेवढं उघडं ठेवा."

आणि खरंच! अंगणात उन्हात बसून, मान वाकडी करून आत बघत सरांनी पूर्ण वर्ग केला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पोचले तर हॉल रिकामा! बाहेर येऊन बघते तो कडुनिंबाखाली तेरा खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि मध्ये सर. काठ्या, वॉकर, बेल्ट सांभाळत या मंडळींनी एकेक खुर्ची ओढत बाहेर आणली होती. त्याला अर्धा तास लागला म्हणे.

मी म्हटलं, "अहो, वर्ग सुरू व्हायच्या आधीच दमलात की!"

देशकर काका म्हणाले, "मॅडम, आज वार्मअप लिहून घ्या."

आठवडाभर वर्ग अंगणातच भरला. मग हॉलच्या चौकीदाराने आपणहून विटा आणल्या, सिमेंट आणलं आणि पायऱ्यांवर उतार बांधून दिला. सर त्यावरून वर गेले, खाली आले, परत वर गेले. चौकीदाराला म्हणाले, "कोन बरोबर आहे. दहापैकी दहा."

* * *

मुळात घरून डंबेल कोण आणणार? आम्ही अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या वापरायचो. दोन हातांत दोन. मे महिना, रायपूरचं ऊन. पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या इंदूताई बाटल्या भराभर वर-खाली करत होत्या. बायपास झालेली बाई, मी कौतुकाने म्हटलं, "वा इंदूताई, आज ताकद वाढली!"

"ताकद कायची वाढते बाप्पा! दोन्ही पिऊन टाकल्या मी!"

* * *

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, की व्यायाम करून तुम्हाला काय जमायला हवं आहे? कोणी सांगतं देवळापर्यंत जायचंय, कोणी सांगतं नातवाच्या लग्नात उभं राहायचंय. खापरे आजींचं वय चौऱ्याऐंशी. शंकर नगरहून नात गाडीने आणून सोडायची. आजींना विचारलं तर त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मले संडासातून एकटीनं उठता आलं पायजे."

नात ओशाळली. "क्या दादी, आप भी!"

"काहून? तुले बोलवा लागते ना रोज आवाज देऊन? मले लाज वाटते."

वर्गात कोणी हसलं नाही. आम्ही फक्त तेच धरलं. हात छातीशी बांधायचे आणि खुर्चीतून उठायचं. पहिला महिना आजी दोन बोटंसुद्धा उठल्या नाहीत. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, तेव्हा जमलं. मग एक उशी काढली. मध्ये एकदा नात म्हणाली, "मॅडम, रहने दीजिए ना, थक जाती हैं." आजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी टीव्ही बघताना जाहिरात लागली की उठायच्या, जाहिरात संपली की बसायच्या.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी सहा वाजता माझा फोन वाजला. उचलला. पलीकडून आजींचा धाप लागलेला आवाज आला, "मॅडम! उठली!"

आणि फोन ठेवला.

नवऱ्याने विचारलं, "कोण उठली?" मी डोळे पुसत चहा टाकला.

* * *

देशकर काकांनी गार्डाची शिट्टी आणि हिरवी झेंडी जपून ठेवली होती. वर्गात ते ती घेऊन यायचे. काकांनी शिट्टी मारून उजव्या हाताने झेंडी दाखवली की आम्ही खुर्चीवर बसून "चालायला" लागायचो. डावा हात मांडीवर पडलेला. मी रोज सांगायचे, "काका, झेंडी डाव्या हातात." ते रोज प्रयत्न करायचे. झेंडी मांडीवरून हलायची नाही, मग ती मुकाट्याने उजव्या हातात घ्यायचे.

हे दीड वर्ष चाललं. हो, दीड वर्ष!

एक दिवस शिट्टी वाजली. आम्ही पाय आपटायला सुरुवात करणार, तर झेंडी कुठे दिसेना. पाहिलं तर काकांचा डावा हात थरथरत मांडीवरून सुटला होता. पोटापर्यंत आला. छातीपर्यंत आला. खांद्याशी आला आणि थांबला. झेंडी उघडली. काकांच्या कपाळावरून घाम वाहत होता.

काकू दाराशी बसायच्या, काकांना घरी न्यायला. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "चला. उद्यापासून कपडे वाळू घालाले माणूस मिळाला!"

* * *

हृदयाचा व्यायाम किती करावा याचं सोपं माप आहे. करता करता बोलता आलं पाहिजे. बोलताही येत नसेल तर जास्त होतंय, थांबा. इंदूताईंच्या बाबतीत हे माप कुचकामी होतं, कारण त्या कधी थांबायच्याच नाहीत! पाय आपटता आपटता सुनेच्या भाजीतलं मीठ, शेजारणीचं भांडण, नव्या मंत्र्यांचे बंगले, सगळं चालू. थिटे सर एकदा म्हणाले, "ताई, पाच मिनिटं गप्प राहून दाखवा, मी व्हीलचेअरवरून नाचतो."

एका सोमवारी आम्ही हात फिरवत होतो. सर अचानक म्हणाले, "मॅडम, थांबा. इंदूताई बोलून नाही राहिल्या."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "खरंच सांगून राहिलो. बघा त्यायच्याकडे."

मी वळले. इंदूताई खुर्चीत सरळ बसल्या होत्या, चेहरा पांढरा, हात जबड्यावर. म्हणाल्या, "काही नाही. दात दुखून राहिला."

तो दात नव्हता, हृदय होतं. जबडा भरून आला होता, हाताला गार घाम सुटला होता. चौकीदाराने रिक्षा थांबवली, मी त्यांना घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी आत नेलं. तासाभराने बाहेर येऊन म्हणाले, "घरी नेऊन झोपवलं असतं तर हातच्या गेल्या असत्या."

दोन महिन्यांनी इंदूताई परत आल्या, आधी हळू, मग पूर्वीसारख्या. आल्या आल्या सरांसमोर उभ्या राहिल्या. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता, की आता आभार मानतील, डोळ्यांत पाणी येईल.

इंदूताई म्हणाल्या, "मास्तर, किती मिनिटं गप्प होती मी?"

"दोन असतील."

"चाळीस वर्षांत घरी कोणाच्या ध्यानात नसतं आलं!"

* * *

आता मालतीबाईंचं सांगते.

मालतीबाईंना संधिवात. बोटं वाकलेली, गुडघे वळत नाहीत, त्यात हृदय कमजोर. शंकर नगरात लिफ्टवाल्या इमारती तेव्हा नव्यानंच होत होत्या, तसल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायको दोघंच राहायचे. मुलगा पुण्याला. सहा वर्षांत मालतीबाईंनी जिन्यावर पाय ठेवला नव्हता. त्यांचे यजमान प्रभाकरराव त्यांना लिफ्टने खाली आणायचे, रिक्षात बसवायचे, वर्गात सोडायचे.

एका दुपारी प्रभाकररावांच्या छातीत दुखलं. नेमकी लिफ्ट बंद होती. शेजाऱ्यांनी धरून खाली नेलं आणि ॲडमिट केलं. मालतीबाई वरच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही लिफ्ट बंदच. सकाळी मला फोन आला, "मॅडम, मले खाली उतरायचं आहे. तुमी या."

मी गेले. जिना अरुंद, खुर्चीत बसवून नेलं तर वळणावर खुर्ची अडकते. उचलावं तर त्यांच्या खांद्यांत कळ जाते. मी म्हटलं, "मालतीबाई, उद्या लिफ्ट होईल. प्रभाकररावांची तब्येत आता बरी आहे, फोनवर बोला ना."

"फोनवर ते बरंच आहे म्हणतात. चाळीस वर्षं झाली, मी त्यायचा आवाज ओळखते. घाबरले आहेत."

त्या जिन्याच्या तोंडाशी जमिनीवर बसल्या. दोन्ही तळवे मागे टेकले, खुर्चीवर आम्ही अंग उचलायचा व्यायाम करतो तसं अंग उचललं आणि एक पायरी खाली बसल्या. मग दुसरी. मी एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून. प्रत्येक वळणावर थांबून नाडी बघायची, श्वास खाली बसू द्यायचा, मग पुढे. दुसऱ्या मजल्यावर दारं उघडली. एका पंजाबी बाईंनी पाणी आणून दिलं. खाली पोचायला पाऊण तास लागला. तळवे लाल झाले होते, लुगडं मागून धुळीने माखलं होतं.

मी म्हटलं, "चला, रिक्षा उभी आहे."

"थांबा." त्यांनी गळ्यातली पिशवी उघडली. आत इस्त्रीची दुसरी साडी होती. तळमजल्यावरच्या शेजारणीकडे जाऊन त्यांनी साडी बदलली, तोंड धुतलं, केस विंचरले, कुंकू ठीक केलं.

हॉस्पिटलात प्रभाकरराव नळ्यांमध्ये पडून होते. दारात बायकोला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, काय सांगू! मालतीबाई जाऊन पलंगाशी बसल्या. हात पदराखाली घेतले.

प्रभाकररावांनी विचारलं, "लिफ्ट सुरू झाली वाटते?"

मालतीबाई म्हणाल्या, "हव. सकाळीच झाली."