दम नाही, चक्कर नाही

या जगात जे जे तयार होतं ते थोडंफार चुकलेलंच असतं, आणि ते नेमकं कितीने चुकलंय हे सांगण्यासाठी परमेश्वराने आपल्याला खाली पाठवलंय, अशी आमच्या साहेबांची ठाम समजूत होती. दिल्लीजवळ मानेसरच्या ज्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवायचो तिथे ते तपासणी खात्याचे प्रमुख होते, त्यामुळे दिवसाचे आठ तास ही समजूत खपून जायची. पंचाईत उरलेल्या सोळा तासांची होती. त्यांच्या एका खिशात माप घ्यायचा व्हर्निअर आणि दुसऱ्या खिशात लाल टॅगांचं बंडल कायम असे. नापास मालाला लावायची ती चिठ्ठी: कारण, तारीख, खाली सही. कारखान्यात ती मालाला लागायची, बाहेर ती कुणालाही लागू शकत असे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टला एकदा लागली, कारण ती तिसऱ्या मजल्यावर दीड इंच खाली थांबायची. गुडगावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजला लागली, तेव्हा सेक्रेटरी फार चिडले. पण दुसऱ्या दिवशी भजनाच्या मध्यावर स्टेज खरोखरच कललं आणि तबलेवाले अलगद पेटीवाल्यांच्या मांडीत जाऊन बसले. त्यानंतर साहेबांनी पाहणी केल्याशिवाय मंडळाने साधी सतरंजीसुद्धा अंथरली नाही.

मी तेव्हा पुण्याहून नुकता आलेला, पंचविशीतला इंजिनियर. साहेब पाचव्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्यावर माझ्यासारख्याच चार मुलांबरोबर. सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून जायचो आणि संध्याकाळी साहेबांच्या घरी काकूंच्या हातचा चहा प्यायचो. गुडगावात त्या काळी काल शेत दिसलं तिथे आज दहा मजले उभे असायचे. फ्लॅट बघायला जाताना मराठी मंडळी साहेबांना हटकून बरोबर नेत. साहेब खिशातून रुपयाचं नाणं काढून एकेक फरशी वाजवत, कान लावत आणि निकाल देत, "पोकळ. ही पण पोकळ." बिल्डरचा माणूस घामाघूम होऊन म्हणायचा, "अंकलजी, आप प्लीज बाहर बैठिए ना, ठंडा मँगवाता हूँ." घरी काकूंच्या पोळ्यांचं माप सहा इंच, अधिकउणे पाव, असं ठरलेलं होतं. एकदा पोळी सात इंचाची झाली म्हणून साहेबांनी भुवई उचलली, तर काकू म्हणाल्या, "जास्तीचा एक इंच कापून माझ्या ताटात टाका आणि मुकाट्याने जेवा." साहेब मुकाट्याने जेवले. काकूंना टॅग लावायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि मला वाटतं तशी इच्छाही नव्हती.

माझी मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात उलटतपासणी केली होती. दर तासाला मशीनपाशी जाऊन पाच नगांची मापं घ्यायची आणि तक्त्यात भरायची, हे माझं काम. एका दुपारी क्रिकेटची मॅच होती. मी कँटीनमधल्या टीव्हीसमोर बसून तीन तासांची मापं अंदाजाने भरून टाकली. साहेबांनी तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि नुसतं विचारलं, "स्कोअर काय झाला?" मी गार पडलो. मग ते आवाज न चढवता म्हणाले, "अरे, खरं माप कमीजास्त होतंच. सगळे आकडे सारखे आले की समजायचं, माणूस मशीनपर्यंत गेलाच नाही." वर लाल टॅग लावला आणि सही माझ्याकडूनच घेतली. तो टॅग मी पुढे कितीतरी दिवस पाकिटात ठेवला होता.

अशा माणसाची बायपास करायची वेळ आली तेव्हा खरी कीव आली ती डॉक्टरांची. साहेबांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना बसवून घेतलं आणि कात्र्या मोजून आत जातात की नाही, मोजून बाहेर येतात की नाही, मोजणारा आणि वापरणारा एकच असतो की वेगळा, हे सगळं विचारलं. पायातली नस काढून छातीत बसवणार हे कळल्यावर तर त्यांनी सर्जनकडून त्याचं चित्रच काढून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकाच मशीनचा पार्ट काढून त्याच मशीनला लावायचा? आपल्याकडे मी हे पास केलं नसतं." हसत म्हणाले, पण माझा हात धरला होता तो नर्स येईपर्यंत सोडला नाही. बाहेर बाकावर काकू सहा तास पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासाठी तीनदा चहा आणला आणि तिन्ही वेळा मीच प्यायलो.

ऑपरेशन उत्तम झालं. घरी येताच साहेबांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला. डॉक्टरांनी "काही त्रास झाला तर लिहून ठेवा" एवढंच सांगितलं होतं, साहेबांनी त्याला रकाने पाडले: वेळ, नाडी, पावलं, दम, चक्कर, सही. दिवसातून दोनदा भरायचा. काकू येता-जाता तो तक्ता वाचायच्या. मीही रोज संध्याकाळी बसमधून उतरलो की आधी वर जायचो. साहेब खुर्चीत बसून मला कारखान्यातल्या चुका विचारायचे आणि मी त्यांना बरं वाटावं म्हणून दोन-चार वाढवून सांगायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या आणि मी सहज तो तक्ता वाचला. नऊ दिवस, अठरा नोंदी. नाडी बहात्तर. नाडी बहात्तर. नाडी बहात्तर. दम नाही, चक्कर नाही. सुरुवातीच्या पानावर मात्र ‘जिन्यात थोडा दम’, ‘नाडी चौऱ्याऐंशी’, ‘उठताना गरगरलं’ असं बरंच खालीवर होतं. पुढे एकदम सगळं सरळ. असा तक्ता मी आयुष्यात एकदा पाहिला होता आणि तो माझाच होता.

"साहेब, जरा लिफ्टपर्यंत चालून येऊ," मी म्हणालो. ते निघाले. चार पावलांवर थांबले, खिशातून नाणं काढून भिंतीची फरशी वाजवली आणि कान लावून उभे राहिले. पुन्हा चार पावलं, पुन्हा नाणं. त्या फरश्या त्यांनी गेल्या दिवाळीतच तपासून बिल्डरकडून बदलून घेतल्या होत्या. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मला कळलं की ते कान लावत नव्हते, भिंतीला टेकत होते. ओठ पांढरे पडले होते आणि छाती भात्यासारखी चालली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवस," ते थांबत थांबत म्हणाले. "चाललं की दम लागतो. आडवं झालं की जास्त. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. परवा बाथरूममध्ये नळ धरला म्हणून पडलो नाही."

"मग लिहिलं का नाही?"

साहेबांनी वळून घराच्या दाराकडे पाहिलं. "मी घरी आल्यापासून ती झोपलीच नव्हती रे. पांघरूण वरखाली होतंय की नाही ते बघत बसायची. मी ‘नाही, नाही’ लिहायला लागलो तशी झोपायला लागली. चांगली घोरते आता. ती झोप मी कशी मोडू?"

मला त्यांचा राग आला, आणि तितकीच मायाही आली. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "टॅग द्या."  मग त्यांनी खिशातून बंडल काढून एक लाल टॅग मला दिला, पेनही दिलं. मी त्यांना धरून आत नेलं आणि फ्रिजवरच्या तक्त्यावर तो लावला. कारण: मापं न घेता भरली. तारीख घातली. सहीसाठी पेन त्यांच्याकडे दिलं आणि साहेबांनी नेहमीसारखी ठसठशीत सही केली.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या त्या तिथेच थबकल्या. त्यांनी टॅग वाचला, मग तक्ता वाचला, मग साहेबांकडे पाहिलं. "सत्तावीस वर्षं माझ्या पोळ्या मोजल्या तुम्ही," त्या म्हणाल्या, "आणि मला खोटा आकडा दाखवलात?" एवढं बोलून त्या रडायला लागल्या. साहेब म्हणाले, "तुला झोप लागत होती." काकूंनी डोळे पुसले, गॅस बंद केला आणि चपला घातल्या. "आधी दवाखाना. भांडण आल्यावर."

फुप्फुसाबाहेर एका बाजूला पाणी साठलं होतं. ते सुईने काढलं. रक्त कमी होतं त्याची औषधं दिली आणि रक्तदाबाची गोळी जास्त होत होती ती निम्मी केली. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ आ गए. ऐसी बात छुपाते नहीं, अंकलजी." साहेबांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. घरी आल्यावर ठरलेलं भांडण झालं, अगदी शिस्तीत, आणि तक्ता काकूंच्या ताब्यात गेला. त्यांच्या अक्षरात पुन्हा सगळं खालीवर दिसायला लागलं: दम थोडा, चक्कर एकदा, नाडी एकोणऐंशी. मी एकदा भीत भीत विचारलं, "काकू, आता झोप लागते का?" त्या म्हणाल्या, "लागते की. आता ‘थोडा’ म्हणजे थोडाच, हे तरी माहीत असतं."

साहेब त्यानंतर बारा वर्षं जगले. निवृत्त होऊन दोघं पुण्याला गेले आणि मी इथेच राहिलो. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. आधी स्वतःचा अहवाल: "दम थोडा. पर्वतीच्या निम्म्यातून परत आलो. आज पोळी साडेसहा इंच." मग विचारायचे, "तू कसा आहेस?" एका वर्षी कंपनीने आमची लाइन बंद केली आणि माझी नोकरी गेली. मुलाची फी, फ्लॅटचे हप्ते, सगळंच अंगावर आलं होतं. पण त्यांच्या छातीला कशाला ताण द्यायचा म्हणून मी "मस्त" म्हणत राहिलो. चौथ्या रविवारी माझं ‘मस्त’ ऐकून त्यांनी फोनवरून तोंड बाजूला केलं.  मग पलीकडे त्यांचा आवाज आला, "अगं, तो एक लाल टॅग दे इकडे." आणि मला म्हणाले, "चार रविवार ‘मस्त’. एकदाही कमीजास्त नाही. मशीनपर्यंत गेला होतास का रे?"

मी सगळं सांगितलं. तासभर सांगत होतो आणि मध्ये रडलोही. त्यांनी काही उपाय सुचवला नाही, फक्त मधूनमधून "हं, पुढे?" म्हणत राहिले. त्या दिवशी दुपारी मी बऱ्याच आठवड्यांनी गाढ झोपलो.

आता रविवारी फोन येत नाही. सकाळी लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतं, "और, कैसे हो यार?" मी म्हणतो, "बिल्कुल मस्त." ते "अच्छा, चलो" म्हणतात आणि आपल्या मजल्यावर उतरून जातात. रोज तोच आकडा सांगतो, आणि रोज पास होतो.