मीराला न सांगितलेला पर्याय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं — माझ्या बायकोला, मीराला — तिलाही नाही.

मी भोकरदनला गणित शिकवतो. कमी-जास्त शक्यता म्हणजे काय, हे मला कळतं. त्यामुळे तेव्हा समजलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मीरा पाळीच्या दिवसांत पोटाशी उशी धरून पडायची. सगळ्याच बायकांचं दुखतं, असं आम्ही धरून चाललो. मूल होईना तेव्हा संभाजीनगरला गेलो आणि दुखण्याला नाव मिळालं — एंडोमेट्रिऑसिस. दोन्ही बीजकोशांवर गाठी होत्या. टेस्ट ट्यूब बेबीशिवाय फारसा मार्ग नव्हता, आणि वेळही कमी होता.

मीरा खाली तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, गाठ काढताना बीजकोशाचा चांगला भागही जातो, स्त्रीबीजं आणखी घटतात. हिची आधीच कमी आहेत. म्हणून आधी बीजं काढून गर्भ गोठवून ठेवता येतील, ऑपरेशन नंतर. किंवा ऑपरेशन आधी, म्हणजे दुखणं लवकर थांबेल. दोघांनी मिळून ठरवा.

दोघांनी. हा शब्द मी नीट ऐकला होता.

मग मी काय केलं? आमच्याकडे गाठीचं ऑपरेशन सांगता येतं — लोक फळं घेऊन भेटायला येतात. टेस्ट ट्यूब सांगता येत नाही. रोजची इंजेक्शनं, सारख्या फेऱ्या — आईला काय सांगणार? एकदा ऑपरेशन झालं की पुढच्या फेऱ्याही गाठीच्या नावावर खपतील. जिना उतरता उतरता माझं ठरलं.

मीरा कोपरावर कापूस दाबून बसली होती. मी म्हणालो, "आधी ऑपरेशन करा म्हणतात."

ती म्हणाली, "बरं."

लोक आले, सफरचंदं आली. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "गाठ निघाली ना, मंग आता पाळण्याला काय आडकाठी हाये?" मीरा हसली.

पुढे बीजं फार थोडी मिळाली. एकच गर्भ तयार झाला, तोही रुजला नाही. आधी काढली असती तर मूल झालंच असतं? तसं कुणी सांगू शकत नाही. पण शक्यता जास्त होती, आणि ती तिची होती. त्या रात्री तीच मला समजावत होती — "माझंच अंग धड न्हाई, तुम्ही काय करणार?" मी गप्प राहिलो. अजून आहे.

गेल्या महिन्यात पुतणी अश्विनी आली. तिलाही हेच निघालंय. मीरा तिला म्हणाली, "आधी ऑपरेशन करून घे बाई. माझ्या डॉक्टरबाईंनी तसंच सांगितल्तं." मी जेवत होतो. जेवत राहिलो.

अश्विनीला जीपपर्यंत सोडायला मात्र मी गेलो. तिला सगळं नीट सांगितलं — आधी बीजांचं विचार, घाई करू नको, नवऱ्याला घेऊन जा, स्वतः ऐक.

ती म्हणाली, "मंग काकूला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

मी म्हणालो, "त्या बाईंना तेवढं माहीत नसेल."

"काय एकेक डॉक्टर असतात," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.